चित्र स्थिर झाले; खांद्याचे काय?

हिवाळा सुरू झाला की भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांच्या पाळीवर आणि जंगलाच्या प्रवेशद्वारांवर एक नवे पीक दिसू लागते. पहाटेच्या धुक्यात लांबलचक लेन्स लावलेले कॅमेरे घेऊन माणसे उभी असतात. कोणी तलावावर उतरलेल्या पट्टकादंब हंसांसाठी आलेला असतो, कोणी कोका अभयारण्यात बिबट्याच्या आशेने, तर कोणी पवनीच्या बाजूने वाघासाठी. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात आला आणि या भागाकडे कॅमेऱ्यांची रीघ लागली. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही, पण कॅमेरे मात्र वाढतच गेले.

या छंदाचे मी स्वागतच करतो. निवृत्तीनंतर घरात बसण्यापेक्षा पहाटे उठून पक्षी पाहणे केव्हाही चांगले. गावातल्या तरुण गाइडने हप्त्यावर लेन्स घेऊन वन्यजीव छायाचित्रणात नाव कमवावे, यातही आनंदच आहे. पण या मंडळींच्या गप्पांमध्ये 'जड लेन्स हातात धरून फोटो काढता येतो का?' हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर छाती फुगवून दिले जाते. 'हो, आपण तर ट्रायपॉड कधी वापरतच नाही.' माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. धरता येते का, हे विचारण्याऐवजी किती वेळ आणि शरीराच्या कोणत्या किमतीवर, हे विचारायला हवे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. आपल्याकडे हौशी मंडळींत लोकप्रिय असलेली निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स सुमारे २.३ किलोची आहे. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्स दोन किलोंच्या आसपास भरतात. सिग्माचीच 'स्पोर्ट्स' नावाची दणकट आवृत्ती २.८ किलोंच्या वर जाते. त्यावर पाऊण-एक किलोचा कॅमेरा. म्हणजे हातात साधारण तीन किलो आले. तीन किलो म्हणजे काय मोठेसे, असे कोणालाही वाटेल. बाजारातून दोन्ही हातांत पाच-पाच किलोंच्या पिशव्या आणणारी माणसे आपण. पण पिशवी हात खाली सोडून आणली जाते आणि कॅमेरा डोळ्यापाशी धरावा लागतो. सगळा फरक इथेच आहे.

विहिरीवरून पाणी आणणारी बाई भरलेली कळशी कमरेवर घेते, हात लांब करून धरत नाही. धानाचा भारा डोक्यावर येतो, छातीपुढे नाही. वजन शरीराच्या जितके जवळ, तितका सांध्यांवरचा ताण कमी, हा तरफेचा नियम पुस्तक न वाचताही आपल्या लोकांना ठाऊक आहे. टेलिफोटो लेन्स नेमकी याच्या उलट वागते. तिची सगळ्यात जड काच पुढच्या टोकाला असते. त्यामुळे वजन शरीरापासून दूर जाते आणि झूम केल्यावर नळी लांबणारी लेन्स असेल तर आणखीच दूर.

कोपराचे उदाहरण घ्या. हात कोपरात काटकोनात वाकवून तळहातावर अडीच किलो भार पेलला, तर तो भार कोपरापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर असतो. तो उचलणारा दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला असतो. म्हणजे अडीच किलोंसाठी त्या स्नायूला जवळजवळ वीस किलोंइतका जोर लावावा लागतो. खांद्याचा हिशेब याहून अवघड आहे. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. साठ किलोंच्या माणसाचा हात तीन किलोंचा. हात वर उचलला की खांदा आधीच एक लेन्सभर वजन पेलत असतो. खरी लेन्स त्याच्या टोकाला येते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट स्नायूंची. चालताना, पोहताना स्नायू आकुंचन पावतात आणि सैल होतात. प्रत्येक वेळी सैल झाले की ताजे रक्त आत येते. कॅमेरा डोळ्याला लावून स्थिर उभे राहिले की स्नायू आकुंचलेलेच राहतात. आत दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पडतो आणि टाकाऊ द्रव्ये साठतात. स्नायू आपल्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने आवळून धरला तर साधारण एका मिनिटातच दमतो. ज्याची ताकद जास्त, त्याला तेच वजन हलके पडते आणि तो जास्त वेळ टिकतो. पण दमणे कोणालाच चुकत नाही.

दमलेला स्नायू थरथरतो. खरे तर प्रत्येक निरोगी माणसाचे हातही सतत सूक्ष्मपणे थरथरत असतात, सेकंदाला आठ ते बारा वेळा. एरवी ते जाणवत नाही. थकवा, थंडी, कडक चहा-कॉफी आणि भीती किंवा उत्तेजना यांनी ही थरथर वाढते. पहाटेच्या उघड्या जिप्सीत हे सगळे एकत्र जमते आणि त्यात समोर वाघ आला की अॅड्रेनलिन उसळते. नेमबाजीत हीच थरथर पदक हिरावून घेते. म्हणून हृदयविकार, रक्तदाब यांसाठी दिली जाणारी 'बीटा ब्लॉकर' गटातली औषधे नेमबाजी आणि तिरंदाजीत उत्तेजकांच्या यादीत घालून बंद केलेली आहेत. ती हाताची थरथर कमी करतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदके याच गटातल्या औषधामुळे काढून घेतली गेली. हे औषध कोणी छायाचित्रासाठी घेऊ नये. सांगायचे एवढेच की जगातल्या सर्वात स्थिर हातांनाही थरथर चुकलेली नाही.

आता लेन्सच्या बाजूने पाहा. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून जगाचा जेमतेम साडेतीन अंशांचा तुकडा दिसतो. हात लांब करून दोन बोटे धरली तर जेवढे झाकले जाईल, तेवढाच. मोठ्या आकाराच्या, २.४ कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्यावर हा तुकडा पसरला की चाळीस सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचे पुढचे टोक मिलिमीटरच्या अवघ्या चार-हजाराव्या भागाने, म्हणजे ०.००४ मिलिमीटरने हलले, तरी चित्र एका बिंदूने सरकते. डोक्याचा केस याच्या पंधरा-वीस पट जाड असतो. म्हणूनच जुने छायाचित्रकार सांगत, लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्याव्या सेकंदाहून शटर मंद ठेवू नका. ६०० ची लेन्स तर निदान एक-सहाशेवा सेकंद. ज्याला ते जमत नसे, तो मुकाट्याने ट्रायपॉड लावत असे.

मग १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मिलिमीटरची, आतल्या काचा हलवून हाताचा कंप भरून काढणारी लेन्स बाजारात आणली. पुढे सगळ्यांनीच हे तंत्र घेतले आणि कॅमेऱ्याच्या आतला सेन्सरही हलू लागला. आज चार-पाच स्टॉपचा फायदा मिळतो, असे कंपन्या सांगतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. चार स्टॉप म्हणजे सोळा पट मंद शटर. शिवाय लेन्सही हलक्या झाल्या. कॅननची ६०० मिलिमीटर एफ-४ ही लेन्स १९९९ मध्ये ५.३६ किलोंची होती. २०१८ च्या आवृत्तीत ती ३.०५ किलोंवर आली. हे अभियांत्रिकीचे मोठेच यश आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपण त्यातून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. आधी फोटो हलला की माणसाला कळत असे, हात दमला, आता थांबावे किंवा टेकू घ्यावा. हललेला फोटो ही शरीराने वाजवलेली घंटा होती. आता यंत्र कंप पुसून टाकते, फोटो सुबक येतो आणि घंटा वाजतच नाही. ही यंत्रणा चित्राला स्थिर करते, खांद्याला नाही. स्नायू तितकाच दमतो, कंडरा तितक्याच घासल्या जातात, मान तितकीच आखडते. फरक इतकाच की पुरावा स्क्रीनवर दिसत नाही, तो रात्री अंथरुणावर दिसतो. हलक्या लेन्सचेही तसेच. वजन निम्म्यावर आले, पण 'आता टेकू नकोच' म्हणून हातात धरण्याचा वेळ दुप्पट झाला, तर शरीराच्या पदरात काय पडले?

समजा, चार तासांच्या सफारीत कॅमेरा चाळीस वेळा उचलला आणि दर वेळी दीड मिनिट डोळ्याला लावला. एकूण एक तास झाला. एक तास तीन किलो डोळ्यापाशी धरून उभे राहा, असे कोणी मजुराला सांगितले तर तो जास्तीची मजुरी मागेल. आपण हे हौसेने करतो, तेही शनिवारी दोनदा आणि रविवारी दोनदा.

याचे परिणाम काही गूढ नाहीत. अमेरिकेतल्या 'नायोश' या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या स्नायू-सांध्यांच्या दुखण्यांवरील उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. एकाच अवघड स्थितीत स्थिर ताण घेऊन राहणे आणि मान-खांद्याचे दुखणे यांच्यातील संबंधाचा सबळ पुरावा त्यात मिळाला. जड लेन्स धरणाऱ्यांत पहिला बळी खांदा असतो. हात बाजूने वर उचलताना खांद्याच्या हाडाच्या कमानीखालून जाणारी कंडरा दबते, सुजते. मग शर्ट घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते. दुसरा बळी कोपर. बाहेरच्या बाजूला दुखणारा 'टेनिस एल्बो' रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही होतो. तिसरी मान, तीन किलोंचा ऐवज पट्ट्याने मानेला टांगून हिंडले की मान पुढे झुकते आणि डोके धरते. मनगट वाकडे ठेवून भार पेलणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात.

यात तीन प्रकारच्या माणसांनी जास्त जपावे. पहिली, पन्नाशीपुढची. महागडी लेन्स घेण्याची ऐपत बहुतेकांना याच वयात येते आणि स्नायूंची ताकद याच वयात उतरू लागते. दुसरी, मधुमेही. खांदा आखडण्याचा आजार, ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो, मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि एकदा धरला की महिनोन् महिने सोडत नाही. तिसरी, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेली. स्नायू आवळून धरून ठेवले की रक्तदाब चढतो. मूठ आवळून धरायला लावून रक्तदाब किती चढतो हे पाहण्याची चाचणीच वैद्यकात आहे. त्यात श्वास रोखून धरला तर दाब आणखी वाढतो. वाघ समोर आल्यावर नेमके हेच सगळे घडते. अशा व्यक्तींनी जंगलात जाऊ नये असे नाही. टेकूशिवाय जड लेन्स धरू नये, एवढेच.

आणि चौथा एक वर्ग आहे, त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. रोज सकाळ-संध्याकाळ जिप्सीत बसणारे गाइड आणि चालक. यातले अनेक जण आता स्वतः कॅमेरा वापरतात किंवा पर्यटकाचा कॅमेरा धरून त्याला फोटो काढून देतात. खडबडीत वाटेवरचे धक्के त्यांच्या कमरेला रोजचेच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतो आणि कच्च्या रस्त्यावरच्या गाडीत याच पट्ट्यातली कंपने भरपूर असतात. कामगारांना वाहन आणि यंत्रांतून किती कंपने बसावीत, यावर युरोपीय संघाने २००२ मध्येच मर्यादा घातली. आपल्याकडे सफारी चालकाच्या कमरेचा विचार कोणत्या बैठकीत होतो?

'पण उडता पक्षी ट्रायपॉडवरून कसा टिपायचा?' असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदियात आणि काही प्रमाणात भंडाऱ्यात उरला आहे. तो बांधीतून उठून डोक्यावरून गेला तर ट्रायपॉडची कळ सैल करेपर्यंत दिसेनासा होतो. जिप्सीत तर ट्रायपॉड उघडायलाही जागा नसते. म्हणून हातात धरणे बंद करा, असे मी म्हणत नाही. हातात धरणे हे धावण्यासारखे आहे. बस पकडण्यापुरते धावावे, दिवसभर धावत राहू नये.

ते धरावे कसे, हे मात्र शिकावे लागते. डावा तळहात लेन्सच्या खाली, तोल जिथे साधतो तिथे. कोपर बरगड्यांना टेकलेले. कोपर जितके लेन्सच्या सरळ खाली येईल, तितका भार स्नायूंऐवजी हाडांवर जातो. उजव्या हाताने फक्त कॅमेरा सांभाळायचा आणि बटण दाबायचे, वजन उचलायचे नाही. पाय खांद्याइतके फाकलेले. बसायची सोय असेल तर कोपर गुडघ्यावर. श्वास रोखायचा नाही; सावकाश सोडताना शेवटी जो नैसर्गिक विराम येतो, त्यात बटण दाबायचे. शटर वेगवान ठेवावे. आजचे कॅमेरे आयएसओ वाढवला तरी पूर्वीइतके दाणेदार चित्र देत नाहीत. आणि सर्वात महत्त्वाचे, पक्षी काही करत नसेल तर कॅमेरा खाली घ्यावा. अर्ध्या मिनिटाने हात सैल सोडण्याची सवय कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त फोटो मिळवून देते. चालताना वजन मानेच्या पट्ट्यावर नको. खांद्यावरून तिरपा जाणारा रुंद पट्टा लेन्सच्या पायाला अडकवावा.

टेकूसाठी तर आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. बीनबॅग म्हणून जी पिशवी दुकानात मिळते, ती जाड कापडाची शिवून त्यात दोन-तीन किलो तांदूळ भरले की तयार होते. भाताच्या कोठारात राहणाऱ्यांनी ती विकत का आणावी? जिप्सीच्या लोखंडी दांडीवर ती ठेवून लेन्स तिच्यात रुतवली की खांदा मोकळा होतो आणि लेन्सही पटकन वळवता येते. गाडी चालू असताना मात्र लेन्स तिच्यावर ठेवू नये, कारण धक्के सरळ काचेत जातात. तलावाच्या पाळीवर एकच पाय असलेला मोनोपॉड पुरतो. उभा राहून बराच वेळ थांबायचे असेल तर ट्रायपॉड. वजन कमी करायला लाखभर रुपये लागतात. वजनाला टेकू द्यायला तीन किलो तांदूळ.

शरीराचीही मशागत हवी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करायला सांगते. भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा छातीकडे ओढणे, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन पाठ ताठ ठेवून अंगणात फेऱ्या मारणे, एवढे पुरे. रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आणि श्वास न रोखता करावे. खांद्याच्या दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, हात खांद्याच्या वर जात नसेल, किंवा बोटांचा बधिरपणा जात नसेल, तर तेल चोळत महिने घालवू नयेत, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि छातीत दडपण येऊन हात दुखत असेल, तर तो लेन्सचा दोष समजून थांबू नये; ताबडतोब रुग्णालय गाठावे.

काही गोष्टी मात्र एकट्याने होणाऱ्या नाहीत. कोका काय किंवा पवनी काय, प्रवेशद्वारावर तांदळाच्या पिशव्या नाममात्र भाड्याने ठेवल्या तर बचत गटांना काम मिळेल. जिप्सीच्या दांड्यांना जाड आवरण आणि टेकूची रुंद पट्टी बसवणे गॅरेजमधले अर्ध्या दिवसाचे काम आहे. छायाचित्रणाच्या कार्यशाळांत शटर आणि अॅपर्चर शिकवतात, तसे एक तास कोपर-खांदाही शिकवावा. लेन्स विकणाऱ्याने ग्राहकाला ती दुकानात दोन मिनिटे डोळ्याला लावून उभे राहायला सांगावे. हात थरथरू लागला, तर हलकी लेन्स दाखवावी. आणि गाइड-चालकांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत मान, खांदा, कंबर यांचा समावेश व्हावा.

यात जंगलाचेही भले आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या प्रसंगामागे अनेक कारणे असतील. पण ज्याचा हात दमला आहे, त्याला घाई असते; 'थोडी पुढे घ्या' असे तो चालकाला सांगतो. ज्याची लेन्स पिशवीवर निवांत टेकली आहे, तो लांबून वाट पाहू शकतो. वन्यजीव छायाचित्रणात वाट पाहणे हेच निम्मे काम असते.

लेन्स पाच-सात वर्षांनी जुनी होते, विकता येते, नवी घेता येते. खांद्याला असा बाजार नाही. म्हणून पुढच्या खेपेस कोणी 'मी हातातच धरतो' म्हणाला, तर त्याच्या फोटोंचे कौतुक जरूर करा आणि त्याला शर्टाची वरची गुंडी लावताना दुखते का, तेही विचारा.